दोन अपस्ट्रीम, तीन पूल आणि पत्ता कोणाचा हा प्रश्न

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात इंटरनेट पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांशी बोलताना एक समज वारंवार ऐकू येतो. दोन वेगवेगळ्या मोठ्या कंपन्यांकडून (यांनाच अपस्ट्रीम म्हणतात) बँडविड्थ घेतली, दोन्ही लाइन राउटरला जोडल्या आणि बीजीपी चालू केले की एक लाइन बंद पडली तरी ग्राहकांचे नेट चालूच राहते, असा तो समज आहे. प्रत्यक्षात हे घडेल की नाही ते ग्राहकांना दिलेले आयपी पत्ते कोणाच्या नावावर आहेत यावर ठरते, आणि नेमका हाच प्रश्न बँडविड्थचा दर ठरवण्याच्या बैठकीत कोणी विचारत नाही. मी ज्या नेटवर्कचे काम पाहतो त्याचे ग्राहक विश्रामबागेतल्या सोसायट्यांपासून मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांपर्यंत आणि कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांपासून मिरजेतल्या रुग्णालयांपर्यंत पसरलेले आहेत. सौदे सुरू असताना किंवा रुग्णाचे स्कॅन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडे जात असताना लाइन गेली, तर त्याची किंमत काय असते हे मी जवळून पाहतो. म्हणून या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

बीजीपीबद्दल आधी थोडक्यात सांगतो. इंटरनेट हा स्वतंत्र कारभार असलेल्या हजारो नेटवर्कचा समूह आहे आणि अशा प्रत्येक नेटवर्कला एक एएस क्रमांक असतो. कोणते पत्ते आपल्याकडे आहेत आणि कोणत्या पत्त्यांपर्यंत आपल्यामार्फत पोचता येईल, हे एक नेटवर्क आपल्या शेजारच्या नेटवर्कला बीजीपीतून कळवते. १९८९ मध्ये या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती आली. आज वापरात आहे ती चौथी आवृत्ती असून तिचे सध्याचे विवेचन जानेवारी २००६ च्या आरएफसी ४२७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर दोन राउटर एकमेकांशी बोलतात आणि वाटांची देवाणघेवाण करतात. यातली एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. आपल्याकडून बाहेर जाणारी वाहतूक कोणत्या लाइनने जावी हे आपण ठरवतो, पण आपल्याकडे येणारी वाहतूक कोणत्या लाइनने यावी हे बाहेरचे लोक ठरवतात आणि आपण त्यांच्यापुढे केवळ कारणे ठेवू शकतो. इंटरनेट पुरवणाऱ्याची बहुतेक वाहतूक येणारीच असते, कारण ग्राहक व्हिडिओ पाहतात, फाइली उतरवतात. पाठवतात त्या मानाने थोडे. म्हणजे ज्या दिशेला आपला ताबा सर्वांत कमी, त्याच दिशेला आपला बहुतांश धंदा आहे.

आता आमच्या भागात सर्रास दिसणारी रचना घ्या. अ या मोठ्या कंपनीकडून एक लाइन आहे आणि तिच्यासोबत त्या कंपनीने दिलेला २५६ पत्त्यांचा, म्हणजे /२४ चा पूल आहे. ब या कंपनीकडून दुसरी लाइन आणि तिचाही एक /२४ आहे. शिवाय स्वतःच्या एएस क्रमांकासोबत घेतलेला स्वतःचा ५१२ पत्त्यांचा, म्हणजे /२३ चा पूल आहे (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितके पत्ते जास्त). तीन पूल आणि दोन अपस्ट्रीम. हे तीनही पूल वरवर सारखेच दिसतात, सर्व्हरवर तीनही तसेच भरले जातात आणि ग्राहकाला आपण कोणत्या पूलमध्ये आहोत हे ठाऊकही नसते. परंतु लाइन तुटते त्या क्षणी तिघांची वागणूक पूर्ण वेगळी असते.

अ ने दिलेला पूल अ च्या मोठ्या गठ्ठ्यातला एक तुकडा असतो. त्या पूलमधल्या ग्राहकाचे पॅकेट आपण ब च्या लाइनवरून बाहेर पाठवले, तर ब ने ते टाकून द्यावे, असे चांगल्या व्यवस्थापनाचे संकेत सांगतात. मे २००० च्या आरएफसी २८२७ मध्ये, जो बीसीपी ३८ या नावाने अधिक ओळखला जातो, हीच शिफारस आहे : ग्राहकाकडून येणाऱ्या पॅकेटचा उगम पत्ता त्या ग्राहकाला दिलेल्या पत्त्यांपैकी नसेल, तर ते पुढे जाऊ देऊ नये. खोट्या उगम पत्त्याने होणारे हल्ले रोखण्यासाठी ही शिफारस आवश्यकच आहे. त्यामुळे ज्याचा पूल त्याच्याच लाइनने बाहेर जावा अशी सोय राउटरमध्ये करावी लागते, म्हणजे वाट ठरवताना केवळ पॅकेट कुठे चालले आहे हे न पाहता ते कोणत्या पत्त्यावरून निघाले हेही पाहावे लागते. मायक्रोटिक वापरणारे लोक हे काम राउटिंग मार्क लावून वेगळ्या राउटिंग टेबलने करतात; इतर राउटरवर त्याला पॉलिसी राउटिंग म्हणतात. ही रचना नीट चालते, पण तिच्यात एका लाइनला दुसरीचा आधार मिळत नाही. अ ची लाइन तुटली की अ च्या पूलवरचे सगळे ग्राहक बंद पडतात आणि शेजारी ब ची लाइन निम्मी रिकामी असूनही त्यांच्या उपयोगाची नसते.

यावर उपाय म्हणून अनेक जण अ चा /२४ ब मार्फतही जाहीर करायला सांगतात. अ कडून परवानगीचे पत्र घेतले, ब ने आपला फिल्टर उघडला आणि तो /२४ आपल्या एएस क्रमांकाने ब च्या लाइनवरून जगाला दिसू लागला, की पुढच्याच क्षणी एक विचित्र गोष्ट घडते : अ ची लाइन उत्तम चालू असूनही त्या पूलची येणारी जवळजवळ सगळी वाहतूक ब वरून येऊ लागते आणि ब ची लाइन तुंबते. इथे बहुतेकांचा पहिला संशय ब वर जातो, पण ब चा यात काहीच दोष नसतो. अ कंपनी हा /२४ स्वतंत्रपणे जाहीर करत नाही. ती आपला मोठा गठ्ठा, समजा /२० म्हणजे ४०९६ पत्ते, एकत्रच जाहीर करतो. आता बाहेरच्या राउटरला दोन वाटा दिसतात, एक ४०९६ पत्त्यांसाठी अ कडे जाणारी आणि दुसरी त्यांतल्याच २५६ पत्त्यांसाठी ब कडे जाणारी. अशा वेळी राउटर नेहमी अधिक नेमकी वाट निवडतो. एएस पाथ (वाटेतल्या नेटवर्कची यादी) किती लांब आहे, लोकल प्रेफरन्स (नेटवर्कने त्या वाटेला स्वतः दिलेले प्राधान्य) किती आहे, या गोष्टींची तुलना एकाच प्रिफिक्सच्या, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गठ्ठ्याच्या, दोन वाटांमध्ये होते. /२० आणि /२४ हे वेगळे प्रिफिक्स असल्यामुळे ती तुलना होतच नाही. त्यामुळे ब कडे कितीही प्रीपेंड लावले, म्हणजे आपला एएस क्रमांक पुन्हा पुन्हा लिहून वाट मुद्दाम लांब दाखवली, तरी फरक पडत नाही. अ ने आपल्या गठ्ठ्यासोबत हा /२४ देखील स्वतंत्रपणे बाहेर सोडला, तरच दोन्ही वाटा समान पातळीवर येतात. हे लेखी मान्य करून घ्यावे लागते, आणि मोठ्या कंपन्यांच्या स्थानिक विक्री प्रतिनिधीला हा प्रश्न समजावण्यात वेळ जातो, तरीही तो वेळ करार होण्यापूर्वी द्यावा असे माझे ठाम मत आहे. शिवाय कंपनी सोडायची वेळ आली की हा पूल परत द्यावा लागतो आणि ज्या कारखान्यांनी आपल्या कॅमेऱ्यांसाठी, टॅलीसाठी किंवा व्हीपीएनसाठी स्थिर पत्ता घेतला आहे त्या प्रत्येकाकडे जाऊन बदल करावा लागतो. दर वाढवून मागितला तरी आपण ती कंपनी सोडू शकत नाही, याचे खरे कारण अनेकदा फायबर नसून हा पत्ताच असतो.

स्वतःचा पूल हा म्हणूनच या सगळ्या रचनेचा कणा आहे. भारतात असे पत्ते आणि एएस क्रमांक देण्याचे काम निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या) अंतर्गत चालणारी आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था २०१२ पासून करते आणि ती आशिया-पॅसिफिक विभागाच्या एपनिक या नोंदणी संस्थेच्या धोरणांना धरून चालते. पत्ते भरपूर मिळण्याचे दिवस मात्र संपले आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेकडचे आयपीव्ही४ चे शेवटचे गठ्ठे विभागीय संस्थांना वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिक आपल्या शेवटच्या /८ वर आले. तेव्हापासून त्या गठ्ठ्यातून एका सदस्याला १०२४ पत्त्यांची मर्यादा होती, ती २०१९ मध्ये ५१२ वर आणली गेली. म्हणजे आज नव्याने सुरू करणाऱ्या व्यावसायिकाच्या हाती एक /२३ येतो. तो दोन /२४ मध्ये मोडता येतो, त्यापुढे नाही, कारण /२४ पेक्षा लहान प्रिफिक्स बहुतेक नेटवर्क स्वीकारतच नाहीत. इतक्या कमी पत्त्यांवर हजारो घरे चालवायची तर सीजीनॅटला, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याला, पर्याय नाही आणि त्यासाठी एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.०/१० ही जागा राखून ठेवली आहे. माझा क्रम असा आहे : घरगुती ग्राहकांचे नॅट स्वतःच्या पूलवर, स्थिर पत्ता मागणारे कारखाने आणि रुग्णालयेही स्वतःच्या पूलवर, आणि कंपन्यांनी दिलेले पूल फक्त अशा कामासाठी जे एका दुपारीत हलवता येईल. पुष्कळ ठिकाणी याच्या नेमके उलट केलेले दिसते. स्वतःचे पत्ते मौल्यवान म्हणून जपून ठेवतात आणि मोठ्या ग्राहकांना कंपनीचे पत्ते देऊन टाकतात.

स्वतःचा /२३ दोन्ही लाइनवर जाहीर केला की येणारी वाहतूक दोन्हीकडे विभागली जाते, पण आपल्याला हवी तशी नाही. ती वळवण्यासाठी लोक सर्वप्रथम प्रीपेंडचा आधार घेतात. हे साधन कामाचे आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरावे लागते. कोणतीही मोठी कंपनी आपल्या ग्राहकाकडून थेट शिकलेल्या वाटेला इतरांकडून शिकलेल्या वाटेपेक्षा जास्त लोकल प्रेफरन्स देते, कारण त्या वाटेवर तिला पैसे मिळतात. आणि लोकल प्रेफरन्स एएस पाथच्या आधी पाहिला जातो. म्हणून ब वर कितीही प्रीपेंड लावले तरी ब च्या स्वतःच्या ग्राहकांकडून आणि ब च्या नेटवर्कमधल्या कॅशेकडून (लोकप्रिय मजकूर जवळ साठवणाऱ्या सर्व्हरकडून) येणारी वाहतूक ब च्याच लाइनने येणार. ती हलवायची असेल तर ब ने ठरवून दिलेली कम्युनिटी, म्हणजे वाटेसोबत पाठवायची एक खूण, आपल्या वाटेला जोडावी लागते, जिच्यामुळे ब आपल्या घरात त्या वाटेचा लोकल प्रेफरन्स कमी करतो. ही पद्धत ऑगस्ट १९९६ च्या आरएफसी १९९८ पासून लिहून ठेवलेली आहे आणि तरीही आपल्याकडच्या कित्येक करारांत कम्युनिटींची यादी मागितलीही जात नाही. ज्या कंपनीकडे अशी यादी नाही, तिचा दर थोडा कमी असला तरी मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

दुसरा मार्ग अधिक ठोस आहे. /२३ दोन्हीकडे जाहीर करायचा, आणि त्यासोबत त्याचा पहिला अर्धा /२४ फक्त अ कडे, दुसरा अर्धा फक्त ब कडे जाहीर करायचा. नेमकी वाट जिंकते या नियमाचा इथे आपल्याला फायदा होतो : सगळे सुरळीत असताना पहिल्या अर्ध्याची वाहतूक अ वरून येते आणि दुसऱ्याची ब वरून, अ तुटला की पहिला /२४ जगाच्या टेबलमधून, म्हणजे सगळ्या वाटांच्या यादीतून, निघून जातो आणि उरलेल्या /२३ च्या आधारे ती वाहतूक ब कडे वळते. ग्राहक दोन अर्ध्यांत कसे वाटायचे एवढाच प्रश्न उरतो आणि तो नॅटच्या नियमांत सहज सुटतो. जगाच्या टेबलमध्ये अशाने दोन नोंदी वाढतात, याची जाणीव ठेवली पाहिजे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी एकूण नोंदींचा आकडा ५,१२,००० च्या पुढे गेला तेव्हा तेवढीच क्षमता ठेवलेले अनेक जुने राउटर अडखळले होते. आता एकट्या आयपीव्ही४ चा आकडा नऊ लाखांच्या वर आहे. म्हणून गरज नसताना तुकडे करू नयेत.

वाहतूक एका लाइनने जाते आणि दुसरीने परत येते, हे दोन अपस्ट्रीमच्या रचनेत रोजचेच आहे आणि त्यात बिघाड काहीच नाही. अडचण येते ती नॅट आणि फायरवॉल कुठे ठेवले यावरून. काठावरच्या, म्हणजे अपस्ट्रीमला थेट जोडलेल्या, दोन राउटरवर वेगवेगळे नॅट चालवले आणि उत्तर दुसऱ्याच राउटरवर आले, तर त्याच्याकडे त्या जोडणीची नोंद नसते आणि पॅकेट टाकले जाते. ग्राहकाची तक्रार मग अशी येते की काही साइट चालतात आणि काही चालत नाहीत, आणि टेलिफोनवर तिचा उलगडा होत नाही. काठावर फक्त बीजीपी ठेवावे आणि नॅट त्याच्या आत, दोन्ही काठांना जोडलेल्या यंत्रावर ठेवावे. उलट वाटेची तपासणी (पॅकेट ज्या लाइनने आले तिकडेच त्याच्या उगम पत्त्याची वाट जाते का, हे पाहणे) काठावर कडक स्वरूपात लावू नये. मार्च २००४ च्या आरएफसी ३७०४ मध्ये अनेक अपस्ट्रीम असलेल्या नेटवर्कसाठीचे पर्याय दिलेले आहेत.

फिल्टरच्या बाबतीत मी कोणतीही सवलत मानत नाही. अ कडून शिकलेल्या वाटा ब ला जाहीर झाल्या, तर दोन महाकाय नेटवर्कमधली वाहतूक सांगलीच्या एका लहान लाइनवरून जाऊ लागण्याची शक्यता निर्माण होते, आणि आपल्यासोबत इतरांचेही नुकसान होते. बाहेर जाणाऱ्या फिल्टरमध्ये केवळ आपले प्रिफिक्स, बाकी सर्व बंद, एवढाच नियम असावा. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने तर असे सांगितले आहे की धोरण लिहिलेले नसेल तर राउटरने बाहेरच्या शेजाऱ्याशी एकही वाट देऊ-घेऊ नये. पण प्रत्येक राउटर हे पाळेल यावर विसंबू नये. चुकीच्या नेमक्या वाटेने काय होऊ शकते हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबचा एक /२४ जाहीर केला, तो तिच्या अपस्ट्रीममार्फत बाहेर पडला आणि यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत असल्यामुळे जगभरची वाहतूक त्या नेमक्या वाटेकडे वळली.

अशा अनुभवांतून आरपीकेआय ही जाहीर केलेल्या वाटेचे मूळ पडताळण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि तीन पूल असलेल्या नेटवर्कने तिच्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. आरओए म्हणजे अमुक प्रिफिक्स अमुक एएस क्रमांकाने जाहीर करावा अशी सही केलेली नोंद. आपण /२३ ची नोंद केली आणि कमाल लांबी (त्यातला किती लहान तुकडा जाहीर करता येईल ते) दिली नाही, तर वर सांगितलेले दोन /२४ अवैध ठरतात आणि तपासणी करणारी नेटवर्क ते टाकून देतात. गंमत अशी की अशा वेळी काही बंद पडत नाही, /२३ च्या आधारे वाहतूक येत राहते, आणि विभागणी का बिघडली हे कळायला फार उशीर होतो. म्हणून जे प्रत्यक्ष जाहीर करतो त्या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करावी : एक /२३ ची, दोन /२४ च्या. आणि अ चा पूल आपल्या एएस क्रमांकाने जाहीर करायचा असेल, तर त्याची नोंद आपण करू शकत नाही; ती अ नेच आपल्या क्रमांकासाठी करून दिली पाहिजे. परवानगीच्या पत्रासोबत ही मागणी त्याच ईमेलमध्ये करावी.

लाइन तुटल्याचे बीजीपीला कळते कधी, हाही साधा वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. फायबर थेट राउटरमध्ये येत असेल तर पोर्ट बंद पडताच कळते. मध्ये स्विच किंवा कंपनीचे उपकरण असेल तर होल्ड टाइम, म्हणजे शेजारी गप्प झाल्यावर थांबायची मुदत, संपण्याची वाट पाहिली जाते. आरएफसीने ९० सेकंद सुचवले आहेत, अनेक राउटरवर तो १८० सेकंद असतो, म्हणजे तीन मिनिटे पॅकेट खड्ड्यात जातात. दोन्ही बाजूंनी मान्य असेल तर बीएफडी (जोडणी जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावून हा काळ एका सेकंदाच्या आत आणता येतो. त्याहून फसवी स्थिती म्हणजे सांगलीतल्या उपकरणाशी सेशन चालू आहे, पण त्या कंपनीची पुण्याकडे जाणारी वाट तुटलेली आहे. कंपनी केवळ डिफॉल्ट रूट (बाकी सगळे इकडे पाठवा, अशी एकच वाट) देत असेल आणि तो स्थानिक राउटरवरच तयार होत असेल, तर तो तसाच येत राहतो आणि आपला राउटर वाहतूक तिकडे ढकलत राहतो. डिफॉल्ट रूट वरून, म्हणजे पुण्यातून किंवा मुंबईतून येतो का, हे विचारून घ्यावे. राउटरची क्षमता असेल तर पूर्ण टेबल घ्यावे. नसेल तर डिफॉल्टसोबत त्या कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकांच्या वाटा घेतल्या तरी बरेच काम भागते.

आणि एवढे सगळे राउटरमध्ये नीट लिहिले तरी जमिनीखालचे फायबर एकच असेल तर त्याचा उपयोग होत नाही. आपल्या भागातून पुण्याकडे जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत : पेठ नाक्यावरून कराड-सातारा मार्गे महामार्गालगत, किंवा मिरज-पुणे लोहमार्गाच्या कडेने. दोन कंपन्यांचे फायबर एकाच रस्त्याच्या एकाच बाजूला, कधी एकाच डक्टमध्ये असते, तर कधी दोघींनी तिसऱ्याच कंपनीकडून भाड्याने घेतलेले असते. महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीच्या एका घावाने दोन्ही लाइन एकदम जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेळी दोन्ही कंपन्यांकडून मिळालेले जोडणीचे ठिकाण एकच होते. त्यामुळे दुसरी लाइन घेताना मी मार्गाचा नकाशा, केएमझेड फाइलसह, मागतो आणि तो पहिल्या लाइनच्या नकाशावर ठेवून पाहतो. मिरजेहून पंढरपूर-सोलापूरकडे किंवा बेळगावकडे जाणारी वाट मिळत असेल, तर तिचा विलंब काही मिलिसेकंदांनी जास्त असूनही मी ती निवडतो.

पुराचा विचार इथे वेगळा करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. अशा वेळी फायबर तुटले नाही तरी उपकरणांच्या ठिकाणची वीज बंद करावी लागते, तळमजल्यावरची बॅटरी पाण्यात जाते आणि जनरेटरपर्यंत डिझेल पोचत नाही. दोन्ही अपस्ट्रीमची उपकरणे गावठाणातल्या एकाच इमारतीत असतील, तर स्वतःचा एएस क्रमांक आणि स्वतःचा पूल असूनही सगळे एकदम बंद होते. एक जोड सांगलीत आणि दुसरी मिरजेत, पूररेषेच्या बाहेर, वरच्या मजल्यावर घ्यावी आणि दोन्ही ठिकाणी बीजीपीचा स्वतंत्र राउटर ठेवावा.

या रचनेची चाचणी मी पावसाळ्यापूर्वी, पहाटेच्या वेळी आणि मोठ्या ग्राहकांना आधी कळवून घेतो. लाइन सरळ उपटण्याआधी आपल्या वाटांना ६५५३५:० ही कम्युनिटी लावतो. २०१८ च्या आरएफसी ८३२६ नुसार ती लावल्यावर समोरचे नेटवर्क त्या वाटेचा प्राधान्यक्रम खाली आणते आणि वाहतूक हळूहळू दुसरीकडे सरकते, अर्थात त्या कंपनीने तिला मान्यता दिली असेल तरच. मग सेशन बंद करतो आणि बाहेरच्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्या नेटवर्कला आपल्या वाटा कशा दिसतात हे दाखवणाऱ्या सोयीवर) तीनही पूल तपासतो : स्वतःचा /२३ ब वरून दिसतो का, अ च्या /२४ पर्यंत अजून पोचता येते का, ब च्या पूलला काही धक्का बसला का. त्यानंतर हीच तपासणी दुसऱ्या बाजूने करतो. आयपीव्ही६ चे प्रिफिक्सही याच वेळी पाहतो, कारण तिथे पत्त्यांची टंचाई नसली तरी सेशन वेगळे असते आणि फिल्टरही वेगळे लिहावे लागतात. अनेक ठिकाणी आयपीव्ही४ ची लाइन बदलते आणि आयपीव्ही६ जुन्याच बंद वाटेवर अडकून राहते. तपासणीत जो पूल परत आला नाही, त्यावरचे ग्राहक पहिल्या पावसापूर्वी स्वतःच्या /२३ वर हलवून घेतो.